बर्फ थांबला, आकाश निळं झालं, आता निघायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचे चौघं मित्र, सह्याद्रीत पंधरा वर्षं भटकलेले, गुलमर्गला स्कीइंगचे बेसिक आणि इंटरमीजिएट कोर्स केलेले. येत्या फेब्रुवारीत पाच दिवस काढून गुलमर्गच्या डोक्यावरच्या अफरवट डोंगरावर गंडोलाच्या (रोपवेच्या) राखलेल्या भागाची हद्द दाखवणाऱ्या दोरीबाहेर, म्हणजे बॅककंट्रीत, स्की करायचं आहे. हिमस्खलनाचा धोका जागेवर कसा ओळखायचा? बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र) भाड्याने घेतले आणि खड्डा खणून बर्फाचे थर बघितले, की पुरे का? आणि शेवटी, तिथली हापतखुड घळ कधी करता येईल?

नाही, पुरे नाही. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, बाकी काही वाचलं नाहीत तरी ती लक्षात ठेवा. मोठा बर्फ पडून गेल्यावर जो पहिला लख्ख दिवस उजाडतो, त्या दिवशी अफरवटवर सगळ्यात जास्त धोका असतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला नेमकं हेच पटायला जड जातं. आपल्याकडे पाऊस कोसळत असताना घरी बसायचं आणि उघडीप मिळाली की सॅक उचलायची, ही सवय इतकी अंगात मुरलेली असते की ती सवय आहे हेसुद्धा कळत नाही. मी इथे बरेच हिवाळे गाइड म्हणून काढले. महाराष्ट्रातून येणारी मंडळी दमसासात आणि चिकाटीत कुणाला हार जात नाहीत, पण बर्फ थांबल्याच्या सकाळी त्यांना हॉटेलात बसवणं महाकठीण. "अहो, आता तर उघडलंय!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, मोजायचं सोडून दिलं.

तारखा बघा. ३० जानेवारी २०२३ ला श्रीनगरात भारत जोडो यात्रेचा समारोप भर बर्फात झाला, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. तीच बर्फवृष्टी अफरवटवरही झाली. दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, हापतखुडच्या बाजूला हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीअर गेले. एकोणीस परदेशी आणि दोन स्थानिक गाइड वाचले. पुढच्या वर्षी जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, गुलमर्गच्या मैदानात गवत दिसत होतं. मग फेब्रुवारीत बर्फ आला आणि तिसऱ्या आठवड्यात दणकून आला. खाली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू होत्या, आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला वर खिलनमर्गच्या अंगाला एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेला. त्याच खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० ला प्रशिक्षणावर असलेले १७ जवान हिमस्खलनात गेले होते. ज्यांनी हिवाळ्यांमागून हिवाळे बर्फात काढलेले असतात, त्यांनाही हा डोंगर सूट देत नाही.

लख्ख दिवशीच का? बर्फ पडत असताना गंडोलाचा वरचा टप्पा बंदच असतो, वर चिटपाखरू नसतं. ऊन पडलं की सगळे एकदम वर. स्कीअर हिमस्खलनात सापडतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा तो बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सोडवलेला असतो. डोंगर भरलेली बंदूक घेऊन बसलेला असतो, चाप आपण ओढतो. त्यात नवा बर्फ अजून खालच्या थराशी सांधलेला नसतो, रात्रभर वाऱ्याने त्यात भर घातलेली असते, आणि सकाळचं ऊन वरचा थर आणखी जड, आणखी चिकट करत असतं.

आता दोरीविषयी. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. पहिल्या टप्प्याने कोंगदूरीला, म्हणजे ३,००० मीटरच्या थोडं वर आणि दुसऱ्याने थेट ३,९०० मीटरच्या वर, अफरवटच्या खांद्यावर. गंडोलाभोवतालच्या खोलगट भागात स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर राखण करणारं पथक, स्फोटकं लावून धोकादायक बर्फ आधीच पाडते आणि मग वाट खुली करते. दोरी ओलांडली की ती राखण संपली. दोन्हीकडचा बर्फ सारखाच पांढरा दिसतो आणि दोरीबाहेर आदल्या स्कीअरच्या रेघाही असतात, म्हणून माणूस फसतो. दुसरं असं की, पायाने चढून जाणारा तीन-चार तास बर्फ वाचत जातो. काठी खुपसतो, पायाखालचा आवाज ऐकतो, वारा कुठून आला ते बघतो. गंडोलातून जाणारा पंधरा-वीस मिनिटांत, काचेतून फोटो काढत, काहीही न वाचता त्याच उतारावर उभा राहतो. म्हणून पहिल्या दिवशी तरी कोंगदूरीच्या आसपास स्कीच्या तळाला, मागे घसरू नये म्हणून, चिकटपट्ट्या लावून थोडं पायी चढा. तंगडतोड होईल, पण बर्फाशी ओळख होईल.

बर्फाच्या थरांबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. पीर पंजालला, म्हणजे अफरवट ज्या रांगेत आहे तिला, बर्फ मिळतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे. दोन-तीन दिवसांत मीटरभर बर्फ ही इथे काही बातमी नव्हे. लडाख-झंस्कारच्या मानाने इथे थंडी कमी आणि बर्फ भरपूर, म्हणून इथला थर लवकर "बसतो", असं जुने लोक सांगतात. ढोबळमानाने ते खरंही आहे. पण हिवाळ्याची सुरुवात कोरडी गेली की हा नियम कोलमडतो.

गणित साधं आहे. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, जमीन ऊब देत असते. चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मिरातल्या सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांत, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, रात्री वरचा पृष्ठभाग उणे पंधरापर्यंत उतरतो असं धरू. थर तीन मीटर जाड असेल तर मीटरमागे पाच अंशांचा फरक. तोच थर अर्धाच मीटर असेल तर मीटरमागे तीस. हा फरक दहाच्या वर गेला की बर्फ आतून बदलायला लागतो. इडलीपात्रातली वाफ वर जाऊन झाकणाला धरते ना, तसं खालच्या कणांचं पाणी वाफ होऊन वरच्या कणांवर जमतं आणि मऊ भुग्याचे टोकदार, सुटे, चमकणारे दाणे होतात. हातात घेतले तर जाड साखर. मुठीत दाबून लाडू वळायला बघा. वळत नाही, बोटांमधून गळतो. हीच माझी पहिली चाचणी, आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. या साखरेवर फेब्रुवारीचा दमदार बर्फ बसला की साखरेच्या थरावर लादी ठेवल्यासारखं होतं. लादी भक्कम दिसते, चालताना पाय रुततही नाही. तुमच्या वजनाने साखर एका जागी दबते, ती फट आडवी धावत जाते आणि अख्खी लादी एकदम सुटते.

याच जातीची दुसरी भानगड म्हणजे निरभ्र, निवांत रात्री पृष्ठभागावर उगवणारं दहिवर. सकाळी उन्हात पिसाऱ्यासारखं लखलखतं, सगळे फोटो काढतात. त्यावर नवा बर्फ पडला की ते गाडलं जातं आणि काही मिलिमीटरचा तो थर आठवडे-आठवडे कच्चा राहतो. तुम्ही पोहोचायच्या आधीच्या दोन आठवड्यांत निरभ्र दिवस किती गेले आणि बर्फ कधी पडला, याची वही ठेवा. इथल्या एखाद्या माणसाला रोज फोन करून विचारा. खोगीर घोड्यावर चढवायच्या आधी घोडा बघावा, तसं.

वाऱ्याचा हिशोब वेगळा. इथे वादळी वारा बहुतेक नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि अफरवटची गंडोलाकडची बाजू साधारण ईशान्येला तोंड करून आहे. म्हणजे वारा पलीकडून बर्फ उचलतो आणि धारेच्या अलीकडे, तुम्ही उतरणार नेमक्या त्याच अंगाला, आणून टाकतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पट वेगाने तो हे करू शकतो, आणि तेही निळ्या आकाशाखाली. धारेखाली लोड-तक्क्यासारखे गुळगुळीत फुगवटे दिसले, काठी आपटल्यावर ढोलासारखा पोकळ आवाज आला, तर तिथून वाकडी वाट करा. धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसत असेल तर भर घालण्याचं काम अजून चालू आहे, हे समजा.

उताराचा कोन तुम्ही घरबसल्या शिकू शकता. आपल्या इमारतींचे जिने साधारण ३० ते ३५ अंशांचे असतात. लादीसारखी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ च्या आसपास जास्त. म्हणजे तुमच्या जिन्यापेक्षा जरा उभा उतार, ज्यावर स्की करायला सगळ्यात मजा येते, तोच सगळ्यात वाईट. जिन्यावर फोनमधलं कोन मोजायचं ॲप लावून बघा, मग डोंगरावर लावा. सुरुवातीला सगळ्यांचाच अंदाज चुकतो. शंका असलेल्या दिवशी २५ अंशांच्या आतले उतार धरायचे. पण एक मेख आहे: तुम्ही २० अंशांवर उभे असाल आणि डोक्यावर ३८ अंशांचा भरलेला उतार असेल, तर तुम्ही त्याच्या ताटातच बसलेले असता. वर काय आहे ते आधी बघायचं, मग पायाखाली.

आणि नाळ. सह्याद्रीत घाटावरून कोकणात उतरायचं तर आपण नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ, शोधतो. नळीच्या वाटेला हात घालणाऱ्या माणसाला नाळ म्हणजे हक्काची वाट. बर्फात ती उलटी होते. दोन्ही कडांचा बर्फ तिच्यातच येतो, पळायला बाजू नसते, आणि उघड्या उतारावर गुडघाभर पसरला असता तो बर्फ नाळेच्या तळाशी चार-पाच मीटर साचतो. हापतखुड हे नावच अस्वलाच्या घळीचं आहे. सोंडेवर राहा, धारेवर राहा. नाळ आणि तिचं तोंड टाळा.

मी स्वतः नाळेतच शिकलो. नवखा होतो, गाइड झालो नव्हतो. मोठं काही नव्हतं, खोलीभर रुंदीचा एक तुकडा सुटला आणि मला तीस-चाळीस मीटर खाली नेऊन कमरेपर्यंत पुरून थांबला. वाहताना तो पिठासारखा मऊ होता. थांबला त्या क्षणी सिमेंट. माझा उजवा हात बाहेर होता, डावा मनगटापर्यंत आत. तो मनगटभर हात मला स्वतःला सोडवता आला नाही. मागून आलेल्या मित्राने फावड्याने कमरेपर्यंतचा बर्फ काढायला लावलेला वेळ मला आजही आठवतो, आणि माझं तर तोंड बाहेर होतं. वजनाचा अंदाज हवा असेल तर ५० मीटर रुंद, ३० मीटर लांब, अर्धा मीटर जाड अशी अगदी किरकोळ लादी धरा. घनमीटरला २०० किलो म्हटलं तरी दीडशे टन. दहा टनी पंधरा ट्रक.

आता तुमच्या खड्ड्याकडे येतो. खणा, जरूर खणा, पण तो काय सांगतो आणि काय नाही हे समजून. ज्या उतारावर जायचं आहे त्याच दिशेचा, त्याच उंचीवरचा, पण लहान आणि खाली धोका नसलेला उतार निवडायचा. आडवा ९० सेंटिमीटर आणि मागे ३० सेंटिमीटर असा स्तंभ मोकळा करायचा, एका टोकाला फावडं आडवं ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. फट पडते की नाही यापेक्षा ती स्तंभाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते की नाही, हे बघायचं. धावली तर विषय संपला. न धावली तर विषय संपला असं मात्र नाही. पन्नास पावलांवर थर वेगळा असू शकतो. खड्ड्याचा उपयोग "नको" म्हणायला करायचा. "चला" म्हणायला केला तर तो खोटी साक्ष देतो.

एका फेब्रुवारीत, वादळानंतर दुसऱ्या दिवशी, नाशिकच्या दोघांना घेऊन गेलो होतो. खणलं तर ४५ सेंटिमीटरखाली बोटाच्या पेराएवढा करडा थर, भिंगाखाली दाणे चमकत होते. बाराव्या थापेला वरचा अख्खा ठोकळा कपाटाच्या खणासारखा माझ्या मांडीवर आला. आम्ही सोंडेवरून खाली आलो. समोर त्याच उतारावरून दोन गट मस्त वळणं घेत उतरले आणि खाली पोहोचून आरडाओरडा केला. काहीही सुटलं नाही. माझे पाहुणे संध्याकाळपर्यंत नाराज होते, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. हा धंदाच असा आहे: शंभरदा चुकीचा निर्णय घेऊनही डोंगर काही बोलत नाही आणि माणसाला वाटतं आपल्याला कळायला लागलंय. तुमच्या गटात "मागच्या वर्षी आम्ही इथूनच गेलो होतो" म्हणणारा जो असेल, त्याला मागे ठेवा.

खड्ड्यापेक्षा मोठ्याने बोलणाऱ्या तीन खुणा आहेत. त्याच दिशेच्या उतारावर ताजं सुटलेलं हिमस्खलन दिसणं. स्कीच्या टोकापासून भेग पळत जाणं. आणि पायाखालून "धप्प" असा, गादी खाली बसल्यासारखा आवाज येणं. यातली एकही भेटली तर त्या दिवशी ३० अंशांच्या वर जायचं नाही. चर्चा चहा पिताना करा.

बीकन भाड्याने घ्या, हरकत नाही. पण तीन अँटेनांचाच, आणि कोऱ्या अल्कलाइन बॅटऱ्या स्वतः न्या. प्रत्येकाकडे बीकन, किमान २४० सेंटिमीटरची शोधकाठी आणि धातूचं फावडं. तिन्हीपैकी एक नसेल तर उरलेल्या दोघांना अर्थ नाही. पूर्ण गाडला गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ वाचतात; अर्ध्या तासापर्यंत ते प्रमाण तिनावर येतं. स्की पेट्रोलची माणसं कितीही तयार असली तरी दहा मिनिटांत तुमच्यापर्यंत कुणी येणार नाही. तुमचं बचाव पथक म्हणजे तुमचे तीन मित्र. म्हणून महिनाभर आधी तळजाईच्या टेकडीवर जा, बीकन जेवणाच्या डब्यात घालून एकाने झुडपात लपवायचा, बाकीच्यांनी शोधायचा. चार मिनिटांच्या आत सापडेपर्यंत दर रविवारी. शोधताना मोबाइल बंद किंवा अर्ध्या मीटरहून लांब; त्याने बीकनचे आकडे भरकटतात. खणायचं ते काठीच्या खालच्या अंगाने, उतारात आडवं आत शिरत. वरून विहीर खणत बसलात तर संपलं. फावडं चालवायला पाच मिनिटांत माणूस घामाघूम होतो, पाळ्या लावा. हवेची पिशवी असलेली सॅक मिळाली तर उत्तम, ती तुम्हाला वर ठेवायला मदत करते. नाळेत किंवा झाडांत फेकले गेलात तर तिचा फारसा उपयोग नाही.

उतरताना एकावेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागी, नजर त्याच्यावर. उताराच्या मध्ये थांबून फोटो नाही. हे सगळ्यांना पाठ असतं आणि ताजा बर्फ दिसला की कुणीही पाळत नाही.

रोज सकाळी दोन गोष्टी बघायच्या: डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा आणि स्की पेट्रोलची त्या दिवसाची स्थिती. डीजीआरईचा इशारा जिल्हा आणि उंचीनुसार असतो; गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. तो अख्ख्या जिल्ह्यासाठी आहे, तुमच्या उतारासाठी नाही. परदेशी पद्धतीचा एक ते पाचचा अंक कुठे दिसला तर तिनाला "मधला" समजू नका. चार-पाचला लोक घरी बसतात. तिनाला बाहेर पडतात, आणि माणसं जास्त जातात ती तिनालाच.

तुमच्या पाच दिवसांचं मी असं करीन. येण्याच्या तारखा बदलता येतील अशी तिकिटं काढा. पाच दिवस ठरवून आलात की पाचव्या दिवशी डोंगर नाही, परतीचं विमान निर्णय घेतं. स्थानिक गाइड घ्या, टंगमर्ग-गुलमर्गच्या पोरांना या उताराचं बारसं माहीत असतं. पण त्यालाही त्याच्या बीकनबद्दल विचारा आणि "आज नको" म्हणाला तरी दिवसाचे पैसे पूर्ण मिळतील हे आदल्या रात्रीच सांगा. हे सांगितलं नाही तर तो "नको" कशाला म्हणेल? वादळानंतरचे पहिले दोन दिवस पेट्रोलने खुल्या केलेल्या भागात किंवा खाली बाबा रेशीच्या जंगलात काढा. दाट झाडांतला, कमी कोनाचा तो उतार बर्फ पडत असतानाही झकास असतो, खाली दर्ग्याजवळ निघतो आणि परत यायला गाडी मिळते. एकदम फुकट गेलेला दिवस अजिबात नव्हे. तिसऱ्या दिवशी खुणा गप्प असतील तर सोंडेवरून दोरीबाहेर छोटं काहीतरी.

आणि तुम्ही शेवटी विचारलं होतं, हापतखुड कधी करता येईल? या खेपेला नाही. मार्चमध्ये या, रात्री गोठून सकाळी कडक झालेला बर्फ असतो तेव्हा, आणि दहा वाजायच्या आत खाली उतरा.